खुणेबाहेरचं वाक्य

शेलारकाका गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या कानांत हेडफोन होते. काकींचे तीन फोन येऊन गेले, ते मला कळलेच नाहीत. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या हरेशभाईंचा चादरींचा सव्वादोन तासांचा लाइव्ह मी बघत होते, आणि तोही दुप्पट वेगाने पळवत, कारण काका चार दिवस दवाखान्यात होते आणि मला टोकायला कोणी नव्हतं. शेवटी शेजारच्या वहिनींनी दार बडवलं. "अगं वर्षा, वरचे काका गेले," एवढंच त्या म्हणाल्या. स्क्रीनवर हरेशभाई चिवचिवत बोलतच होते... ते बंद करायचंही मला सुचलं नाही. त्याला आता सव्वा महिना झाला. काका असताना जे चारचौघांत सांगायला हवं होतं, ते आज लिहायला बसले आहे.

बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्या इमारतीत काका दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. शहाडकडच्या एका कापडाच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी कापड तपासण्यात घालवली. खालून दिवा लावलेल्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि काका त्यावर डोळे लावून उभे. कुठे धागा तुटलेला, कुठे गाठ, कुठे रंग फिकट... दिसलं की खडूने खूण करायची, कापड पुढे. कारखाना सुटला, पण डोळ्यांना कोणी निवृत्त केलं नव्हतं. जिन्यात भेटले की माझ्या ओढणीचा काठ चिमटीत धरून म्हणायचे, "फसवलं तुला दुकानदाराने. वीण सरळ नाही." मला असा राग यायचा! नवी ओढणी असली की मी पावलं न वाजवता जिना उतरायचे.

आमची खरी गट्टी जमली ती त्यांच्या हयातीच्या दाखल्यामुळे. पेन्शन चालू राहायची तर दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि आता ते मोबाइलला चेहरा दाखवून होतं, म्हणून ते माझ्याकडे आले. तेव्हा माझी ठाण्याची नोकरी गेली होती आणि मी घरबसल्या एक नवाच उद्योग धरला होता. दुकानदार, कारखानदार आपल्या मालाचे तास-दोन तासांचे व्हिडिओ करतात, ते पूर्ण कोणी बघत नाही. त्यातून अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या क्लिपा काढायच्या, खाली अक्षरं टाकायची आणि दुकानाच्या जाहिरातीसाठी सोशल मीडियावर सोडायच्या, हे माझं काम. काम मिळत होतं, पण क्लिपा चालत नव्हत्या. हरेशभाई जिथे सगळ्यात मोठ्याने ओरडायचे तोच तुकडा मी उचलायचे, वर दणदणीत संगीत लावायचे, आणि बघणारे अंगठ्याने आम्हाला वर ढकलून पुढे जायचे.

काकांनी चेहरा दाखवला, दाखला झाला, पण ते उठेनात. माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हा माणूस एवढा घाईत का बोलतोय?"

"मी पळवतेय, काका. दोन तास कोण बघत बसणार?"

"मग तुला दिसतं काय?"

मी वैतागून वेग साधा केला, म्हटलं बघा. त्यांनी खुर्ची ओढली आणि खरंच बघत बसले. मी भाजी टाकून आले, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, काका तिथेच. मग मला हाक मारून म्हणाले, "मागे घे थोडं. हां, इथे. चादर झटकली त्याने आणि हात फिरवला. काही बोलला नाही. हे घे." मी मनात म्हटलं, गप्प माणसाची कसली जाहिरात? तरी केवळ त्यांचं मन राखायला ती क्लिप केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरेशभाईंचा फोन, "मॅडम, ये क्या डाला आपने? सुबह से फोन बंद नहीं हो रहा!" मी म्हटलं, चालेल ना? ते म्हणाले, "चालेल? दौडेल!"

तेव्हापासून अकरा ते एक काका माझ्या हॉलमध्ये. शाळेच्या मुलांची असते तशी दोनशे पानी वही, वर गिऱ्हाइकाचं नाव, खाली मिनिटं-सेकंद, कुठून कुठपर्यंत. कापायचं मी, खूण त्यांची. व्हिडिओ पळवायला त्यांची सक्त मनाई. मी कुरकुर केली की म्हणायचे, "माणूस खरं कधी बोलेल ते त्यालाच माहीत नसतं, तुला कसं माहीत असणार? बस गुपचूप." आणि एकदा चहा फुंकत, अगदी सहज म्हणाले, "जन्मभर खराब तेवढं शोधलं. आता चांगलं शोधायचं. डोळे तेच लागतात." घाई हा शब्द मात्र त्यांच्या गावीही नव्हता. गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावर बसायची आणि काका शांतपणे चष्मा पुसत असायचे. त्यावरून आमची भांडणं झाली, दोनदा तर अबोलाही झाला, पण अबोल्यातही अकराच्या ठोक्याला ते हजर. यायचे, न बोलता बघायचे, खूण करायचे, जायचे.

त्यांच्या नजरेची किती उदाहरणं सांगू! अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रबरवाल्यांचा कारखाना-दर्शनाचा रटाळ व्हिडिओ होता, तासभर मालकच बोलतोय. काकांनी त्यातून उचललं काय, तर मालकाच्या पाठीमागे एक बाई कुकरची रिंग ताणून बघते आणि नापसंतीने बाजूला फेकते, ते बारा सेकंद. बारवीकडच्या एका पाड्यातल्या बायकांचा गट हातसडीचा तांदूळ विकतो. त्यांच्या व्हिडिओत सरकारी भाषेतलं भाषण होतं, पाठ केलेलं. ते संपल्यावर कॅमेरा चालूच राहिला होता आणि सगुणाबाई नावाच्या बाईंनी भाताचा दाणा दाताखाली धरला. "कट वाजला ना, की समजायचा भात वाललाय. मऊ लागला तं सडायला घेऊच नको," असं त्या कुणाला तरी सांगत होत्या. मी तो भाग कचरा म्हणून टाकणार होते. त्या एका दाण्यावर त्या वर्षीचा त्यांचा सगळा तांदूळ विकला गेला. सगुणाबाईंनी आठवणीने माझ्यासाठी दोन किलो पाठवला, त्यातला एक मी वर दिला. बाकीचा एक माझ्या घशाखाली उतरताना मला जरा अवघडायला झालं, पण उतरला.

आता चादरीचं सांगते. हरेशभाई एका लाइव्हमध्ये म्हणाले होते, "कलर की फुल गॅरंटी है साईं, बस पहले दो बार अलग धोना, नमक के पानी में." काकांची खूण अख्ख्या वाक्याची होती. मी 'गॅरंटी है साईं'वर कापलं. अहो, किती छान ठोस वाटत होतं! ती क्लिप तुफान चालली. पण काकांनी कॅम्प चारला जाऊन तीच चादर विकत आणली, आपल्या पांढऱ्या बनियनांबरोबर एका बादलीत भिजवली, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गुलाबी बनियन घालून माझ्या खुर्चीत येऊन बसले. वर शर्टही नाही. वही उघडली, चष्मा लावला.

"काका, हे काय?"

"गॅरंटी," ते म्हणाले.

मला हसूही येईना आणि वर बघवेनाही. म्हणाले, "मी खूण कुठपर्यंत केली होती?" तेवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी क्लिप उतरवली आणि दोघं हरेशभाईंच्या दुकानात गेलो. तिथे काकांनी शर्टाची बटणं सोडून बनियन दाखवलं. हरेशभाई आधी घाबरले, मग पोट धरून हसले. "काका, आप तो मेरी दुकान बंद करवाओगे!" पण माणूस दिलाचा मोठा. तिथल्या तिथे काकांना शेजारी उभं करून त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की पहिल्या दोन धुण्यांना चादर वेगळी धुवा, नाहीतर हे असं होईल. तो व्हिडिओ आधीच्याइतका चालला नाही. पण रंग गेल्याच्या तक्रारींचे जे फोन हरेशभाईंना येत होते ते थांबले, आणि बायका दुकानात येऊन 'ते गुलाबी बनियनवाले काका कोण' असं विचारायच्या. हरेशभाई सांगायचे, मॅडमच्या बिल्डिंगमधले एक गमतीशीर म्हातारे आहेत.

इथेच मला थांबायला हवं... कारण हरेशभाईंना त्याहून जास्त काही माहीतच नव्हतं. कोणालाच नव्हतं. खुणा काकांच्या आहेत, हे मी एकाही गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही. कामाचा वाटा त्यांना नीट मिळत होता, प्रश्न तो नव्हता. "मॅडम, आपकी नजर बहुत तेज है," असं हरेशभाई फोनवर म्हणायचे तेव्हा फोन स्पीकरवर असायचा, काका समोर असायचे, आणि मी "थँक्यू भाई" म्हणायचे. एकदा मलाच लाज वाटून म्हटलं, काका, तुमचंही नाव टाकूया का? ते म्हणाले, "तपासणाऱ्याचं नाव कापडावर छापतात का कधी?" मी लगेच विषय सोडला. आज प्रामाणिकपणे लिहायचं तर त्यांचं उत्तर मला भलतंच सोयीचं होतं.

यंदा इथल्या एका महिला मंडळाने माझं भाषण ठेवलं, घरातून व्यवसाय कसा उभा करावा यावर. हॉल भरलेला, मला शाल, श्रीफळ. काकांचा दम तेव्हा वाढला होता, जिना उतरणं बंद झालं होतं (कामाला मीच वर जायचे), म्हणून ते आले नाहीत. मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकते. तासभर बोलले. माझी पद्धत म्हणून काकांची पद्धत सांगितली, काकांच्याच शब्दांत. टाळ्या पडल्या आणि मी वाहवत गेले. मंडळाने तो व्हिडिओ तासाभराचा तसाच्या तसा सगळ्यांना पाठवला, आमच्या इमारतीच्या ग्रुपवरही आला. तो काकींच्या मोबाइलवर पोचला असणार, हे कळल्यावर दोन दिवस मला वर जायचा धीर झाला नाही.

गेले तेव्हा काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. श्वास लागत होता. म्हणाले, "तुझ्या भाषणाची क्लिप केली नाहीस?"

"त्यात काय आहे, काका? बोअर आहे सगळं."

"तुझ्याही धंद्याची जाहिरात नको का व्हायला?" ते म्हणाले, आणि हरेशभाईंच्या नव्या पडद्यांविषयी विचारू लागले. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, काका, माझं चुकलं. ओठांवर आलं होतं. मी पडद्यांबद्दल बोलत राहिले. चार-पाच दिवसांनी त्यांना दवाखान्यात हलवलं, आणि ते परत आले नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर काकींनी मला वर बोलावलं आणि वही हातात ठेवली. "तुझ्याच कामाची आहे, मी काय करू?" शेवटच्या पानावर गिऱ्हाइकाच्या जागी माझं नाव होतं. वर्षा. अक्षर हललेलं. खाली एकच खूण, एकतीस मिनिटं चोवीस सेकंद ते एकतीस चौतीस. काकी सांगत होत्या, "दोन दिवस बघत होते तुझा व्हिडिओ. अख्खा. पुन्हा मागे न्यायचे, पुन्हा बघायचे."

मी तिथेच बसून मोबाइलवर ती जागा काढली. मी माइक धरून म्हणत होते, "मी व्हिडिओ पळवत नाही. साध्या वेगात अख्खा बघते. कारण माणूस खरं कधी बोलेल ते त्यालाच माहीत नसतं." इथे एकतीस चौतीस झाले. आणि लगेच, श्वासही न घेता मी पुढे म्हटलं होतं, "आणि हे सगळं मी एकटी करते, कुणाच्याही मदतीशिवाय."

काकींनी ते माझ्याबरोबर ऐकलं होतं, आणि त्याआधी काकांबरोबरही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी म्हटलं त्यांना, अहो, ही तर म्हणते एकटी करते. तर म्हणाले, ते खुणेत नाही."

अर्धं वाक्य ज्यांना कधी चाललं नाही, त्यांनी माझं बोलणं अर्ध्यावर कापलं होतं. माझी लाज वाचावी म्हणून. एवढी वर्षं तपासणी केलेल्या माणसाने दोष बघूनही खूण केली नाही, असं हे एकदाच झालं असेल. काकींच्या मांडीवर डोकं ठेवून मी खूप रडले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्यानंतर हरेशभाईंचा तो सव्वादोन तासांचा लाइव्ह मी पहिल्यापासून लावला, साध्या वेगात. माझी पहिली खूण मी केली, बरी की वाईट सांगायला कोणी नाही. हरेशभाईंना फोन करून सगळं सांगितलंय. ते म्हणाले, "काका के घर ले चलो मुझे." रविवारी त्यांना घेऊन वर गेले.

माझ्या भाषणाची क्लिप आता तयार आहे. काकांच्या खुणेच्या आत मी एकदा कापलं होतं आणि पस्तावले होते. या वेळी खुणेच्या बाहेर गेले आहे. क्लिप एकतीस चौतीसला थांबत नाही, पुढचं वाक्यही तिच्यात आहे, माझ्याच आवाजात, पूर्ण. आणि खाली अक्षरं टाकली आहेत: यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. खुणा गजानन शेलार यांच्या.