शिष्यवृत्तीसाठी लिहिलेली चटणी

शाळेच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं शिष्यवृत्तीचे फॉर्म तपासले, त्यामुळे शिष्यवृत्ती म्हटलं की मला आधी फसवणूक आठवते. एकदा एक टापटीप माणूस मुलींकडून नोंदणी फी गोळा करून गेला तो परत आलाच नाही. त्याची नोटीस फळ्यावर मीच लावली होती, त्यामुळे पालक मलाच जाब विचारायला आले. ती शरम अजून गेलेली नाही. कुणी फुकट काही देतो म्हणाला की हा काय घेऊन जाणार, हेच मी आधी बघते.

माझी भाची म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी. सोलापुरातच हॉटेल मॅनेजमेंट शिकते आणि सकाळी एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला जाते. भाऊ आणि वहिनी शुक्रवार पेठेतल्या घरातच कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात. मी लग्न केलं नाही, त्यांच्यातच राहते. पुढच्या वर्षाची फी झेपणार नाही, असं भावानं स्पष्टच सांगितलं होतं. अशातच भाचीला कळलं की स्वयंपाकाचं काम शिकणाऱ्या मुलामुलींना पुण्याची एक संस्था शिष्यवृत्ती देते. ती मिळाली तर शिक्षण, नाहीतर आईशेजारी बसून भाकऱ्या थापायच्या. भाकरीत कमीपणा काहीच नाही. पण पोरीला मोठं किचन चालवायचं होतं, आणि ते ती शाळेत असल्यापासून येईल त्याला सांगत होती.

"आत्या, शेवटची तारीख परवा हाय. एकदा बघ की," म्हणत तिनं फॉर्म माझ्यापुढे ठेवला.

मी चष्मा लावला. नाव, पत्ता, मार्कशीट, इथवर ठीक होतं. पुढे घरच्या स्वयंपाकघराचा फोटो मागितला होता. कशाला? आणि शेवटच्या पानावर तर कहरच. घरच्या एका पदार्थाची कृती लिहा, मापासकट, अनोळखी माणसाला वाचून करता येईल अशी.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांना मुलगी नकोच आहे, यांना चटणी पाहिजे! गावोगावच्या पोरांकडून घरोघरच्या कृती गोळा करायच्या आणि कुठल्या तरी कारखान्यात पाकिटं भरायची. शिष्यवृत्ती दोघाचौघांना द्यायची, कृती शेकड्यांनी घ्यायच्या. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मी संस्थेला फोन लावला. पलीकडून एक बाई गोड आवाजात बोलल्या. संस्था कुठे नोंदवली आहे, पैसा कुणाचा, कृतीचं पुढे काय करता, सगळं विचारलं. त्यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. इतकी नीट, की माझा संशय वाढला. खरा माणूस कुठेतरी अडखळतोच, असं माझं मत होतं.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. गिऱ्हाईक चटणीची कृती विचारतंच. नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून वहिनी सगळं सांगते, फक्त एक गोष्ट सोडून. भाजलेले शेंगदाणे हाताला सोसतील इतके गरम असतानाच उखळात कुटायचे, म्हणजे चटणीला तेल सुटतं. गिऱ्हाइकाला मात्र ती सांगते, "पूर्ण गार होऊ द्या." शेजारच्या पेठांतही चटणीवाल्यांची अशीच काही ना काही खोच असते आणि त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही.

"गिऱ्हाइकाला सांगतो तसंच लिही," मी म्हटलं.

भाची घुटमळली. "पण आत्या, त्यांनी करून बघितली तर?"

"ते कशाला करतायत? फाईलला लावतील."

"व्हय बाई, आत्याला कळतं त्यातलं," वहिनी म्हणाली. बत्तीस वर्षांच्या नोकरीचा असा मान होता. भाचीनं लिहिलं: शेंगदाणे पूर्ण गार होऊ द्यावेत.

महिनाभरानं निवडीसाठी पुण्याला बोलावणं आलं. पोरीला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं. तिथे पोचल्यावर मी आधी दारं बघून घेतली, मग पाटी, मग बसलेल्या माणसांचे चेहरे. चहा आला तेव्हा कुणाला कळू नये म्हणून मी भाचीला आमच्या सोलापुरी कन्नडमध्ये हळूच म्हटलं, पिऊ नकोस, काय घातलंय कोण जाणे. ट्रे घेतलेली बाई हसली आणि कन्नडमध्येच म्हणाली, साखर तेवढी कमी घातलीय. माझे कान तापले, पण चहा मी घेतला नाही.

परीक्षा काचेच्या भिंतीपलीकडच्या किचनमध्ये होती. भिंतीच्या वर फट होती, त्यामुळे आतलं बोलणं ऐकू येत होतं. फोनवरच्या त्याच गोड आवाजाच्या बाई परीक्षक होत्या. त्यांनी सांगितलं, "मोठ्या किचनमध्ये एकाचा कागद दुसऱ्याच्या हातात जातो. म्हणून आज प्रत्येकानं दुसऱ्याच्या कृतीवरून पदार्थ करायचा. मार्क दोघांनाही, करणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला."

आमच्या कागदावर काय लिहिलं होतं, ते मला पाठ होतं.

आमचा कागद सांगोल्याकडच्या एका मुलीला मिळाला. बारीक चणीची, बाह्या वर सारलेली, घड्याळात बघून एकेक ओळ वाचणारी. तिनं दाणे भाजले, परातीत पसरले, आणि कागदावर होतं म्हणून पूर्ण गार होईपर्यंत त्यांना हात लावला नाही. मग खलबत्त्यात कुटत राहिली. चटणी कोरडीच राहिली, तेल म्हणून सुटेना. पोरगी आणखी जोरानं कुटू लागली. तिचं मनगट लाल झालेलं मला काचेतून दिसत होतं. शेवटी तिचे डोळे भरले. "मॅडम, माजाच हात न्हाय बसला," ती म्हणाली, "कृती बरोबर असंल."

भाची दोन ओट्यांपलीकडे कुणाचं तरी पिठलं ढवळत होती. तिनं गॅस बंद केला.

"तिचा हात बरोबर हाय, मॅडम. माझा कागद चुकीचा हाय."

"लिहिताना चुकलं का?"

"न्हाय. मुद्दाम लिवलंय तसं." आणि गरम दाण्यांची गोष्ट, जी आमच्या घरानं कधी कुणाला सांगितली नव्हती, ती तिनं भर किचनमध्ये सगळ्यांसमोर सांगितली.

"असं लिहायला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

भाचीनं काचेकडे पाहिलं. मी उठून आत जायला हवं होतं. दार चार पावलांवर होतं आणि मी ते सकाळीच बघून ठेवलं होतं. मी पर्स घट्ट धरून बसून राहिले.

"कुणी न्हाय. मीच," ती म्हणाली.

सांगोल्याच्या मुलीला पुन्हा दाणे दिले गेले. या वेळी चटणी तेलकट, लालभडक झाली. पंधरा दिवसांनी निकाल लागला. तिचं नाव होतं, आमचं नव्हतं.

"आधीच ठरलेलं असणार," मी सवयीनं म्हणून गेले. "असंल कुणाच्या तरी ओळखीतली."

भाची भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "त्यांनी कुठं फसवलं, आत्या? फसवलं आपण."

मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं, माझ्या नोकरीच्या वर्षांसकट. निकाल बदलता येणार नाही, म्हणाल्या, पण पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज करावा.

ते वर्ष तिनं घरीच काढलं. नवा फॉर्म आला तेव्हा ती खिडकीपाशी बसून भरत होती. मी चष्मा घेऊन सहज जवळ गेले, तर तिनं कागदावर हात ठेवला.