नरसय्याच्या देव्हाऱ्यातली वॉर्निंग

मंडळी, आज कचेरीत पेढे झाले.

आमच्या गिरणीतला विणकर नरसय्या रोज उशिरा येतो. साहेबानं त्याला 'फर्स्ट वॉर्निंग' दिली. साहेबाच्या सहीचा इंग्रजी कागद म्हणजे शाबासकीच, असं समजून त्यानं तो कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला. आम्ही कारकून पोट धरून हसलो. पुढे 'सीरियस वॉर्निंग'ही देवाजवळ गेली.

आज 'फायनल वॉर्निंग' मिळाली, म्हणून पेढे. एक माझ्या हातावर ठेवून नरसय्यानं कागद पुढे केला.

"काय लिवलंय की, मास्तर?"

"असंच चालू दे म्हणतात," मी म्हणालो आणि दुसरा पेढा उचलला.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो आरामात, उशिराच परतला. साहेबाच्या हुकमावरून पहारेकऱ्यानं त्याला फाटकातच अडवलं. मला खिडकीतून दिसतोय. कागद पुढे धरून म्हणतोय, "मास्तरास्नी इचारा की."

सांगा, खिडकी लावून घेऊ?