घंटेपुरता पॉज

पापडी गावातल्या आमच्या शेजारीणबाई वाडीतली कामं आटोपली की नातीचा व्हिडिओ गेम घेऊन बसतात. अंतराळयुद्धाच्या एका पिक्चरवरून काढलेला. मला तो धांगडधिंगा सोसत नाही, तरी चहाच्या निमित्ताने मी बघत बसतो. प्रत्येक गोळीला त्या "माफ कर हां बाबा" म्हणतात, पण नेम चुकत नाही. काल जळत्या यानात एक पायलट अडकला आणि तेवढ्यात चर्चची घंटा झाली. बाईंनी पॉज दाबला, क्रूसाची खूण केली, डोळे मिटून प्रार्थना केली.

"आज कोणासाठी?" मी विचारलं.

"ह्या पायलटसाठी. पिक्चरमध्ये मेला ना बिचारा."

"मग आता प्रार्थना कसली?"

"इथं अजून जिवंत आहे!" म्हणाल्या, आणि पॉज काढून थेट आगीत घुसल्या.