दत्तोपंतांची शर्यत

दत्तात्रय आपट्यांना घरात कुणी उलट बोललेलं खपत नसे, आणि त्यांची सून देविका गप्प बसायला शिकलीच नव्हती. लखनौच्या सरोजिनी नगरात ही दोघं एका छपराखाली राहत होती, एवढंच. मुलगा प्रणव हवाई दलात, नेमणूक आसामात. मध्ये पडायला उरल्या होत्या त्या दत्तोपंतांच्या पत्नी लीलावतीबाई, आणि त्या मध्ये पडत नसत. शहाण्या होत्या.

दत्तोपंतांनी उभा जन्म एका सरकारी खात्यात ड्रायव्हर म्हणून काढला. साहेबांना ऑफिसात सोडायचं, मेमसाहेबांना हजरतगंजला न्यायचं, त्या साड्या निवडत असताना उन्हात गाडी पुसत उभं राहायचं, आणि वर "कहाँ मर गए थे?" हे ऐकून घ्यायचं. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, "आता कुणाच्या हुकमाने स्टिअरिंगला हात लावणार नाही. साक्षात ब्रह्मदेव आला तरी नाही." मग फंडाच्या पैशातून पांढरी मारुती घेतली. तिची किल्ली ते जानव्याला बांधून ठेवत. सासऱ्याच्या जानव्याला हात घालायची कुणाची छाती होणार? रोज सकाळी तेल, पाणी, हवा बघायची, फडक्याने अंग पुसायचं आणि पुन्हा कव्हर घालायचं. गाडी फाटकाबाहेर क्वचितच पडे, पण ती त्यांची होती आणि तिच्यावर हुकूमही त्यांचाच चाले.

देविकाला गोमती नगरच्या एका शाळेत नोकरी लागली आणि भडका उडाला. गोमती नगर म्हणजे शहराचं दुसरं टोक. शेअरचे टेम्पो बदलत जायचं तर पहिली घंटा चुकणार, आणि घंटा चुकत राहिली तर नोकरी जाणार. तिने निशातगंजच्या मोटर स्कूलमध्ये शिकून लायसन्स काढलं होतं. लखनौतच वाढलेली मुलगी. मराठी कळायचं सगळं, पण तोंडात हिंदी.

"बाबा, गाड़ी की चाबी चाहिए. सोमवार से जॉइन करना है."

"लायसन्स शेंबड्या पोरालाही मिळतं. हात मिळत नाही. आणि मराठीत बोल."

"किल्ली द्या."

"नाही."

प्रणवला फोन लावला तर "बाबांना विचार" म्हणाला आणि लाइन खराब असल्याचं सांगून मोकळा झाला. सोमवार जवळ येत चालला. देविका भांडी आपटायची, दत्तोपंत बातम्यांचा आवाज वाढवायचे.

देविकाचा भाऊ अमोघ बोटीवर नोकरीला होता. त्याने सिंगापूरहून तिला तळहातावर मावेल असा व्हिडिओ गेम आणून दिला होता. त्यात मोटारींची शर्यत होती. राखाडी पडद्यावर रस्ता पळायचा, पुढे-मागे दुसऱ्या गाड्या, आणि वेळ संपायच्या आत पुढची कमान गाठली नाही तर खेळ खलास. राग आला की देविका तो घेऊन बसे, आणि त्या दिवसांत ती सारखीच घेऊन बसलेली असे.

रविवारी शेजारचे माधवराव आणि प्रतिमावहिनी पोहे खायला आले. देविकाच्या हातात तेच यंत्र बघून दत्तोपंतांना चेव चढला.

"बघा माधवराव, ही आमची ड्रायव्हरीण! खेळण्यातली गाडी सुटत नाही हातून, आणि हिला माझी मारुती हवी!"

देविकाने यंत्र त्यांच्यापुढे धरलं. "चला के दिखाइए ना, बाबा. मी हरले तर गाडीचं नाव काढणार नाही. नौकरी भी छोड़ दूँगी. पण जिंकले तर किल्ली द्यायची."

पाहुण्यांसमोर माघार घेणं दत्तोपंतांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि यंत्र घेतलं.

त्यांनी गाडी चालवली ती अगदी कायद्याने. आधी हॉर्न कुठे आहे ते विचारलं. नाही म्हटल्यावर निर्मात्याला शिवी दिली. मग डावी बाजू धरली. वळण आलं की वेग कमी. मागून कुणी जवळ आला तर उजवा हात खिडकीबाहेर काढल्यासारखा हवेत हलवून त्याला "जा बाबा पुढे" अशी खूण. तेवढ्यात यंत्र एका हातातून निसटता निसटता राहिलं. अर्ध्या रस्त्यातच वेळ संपली. प्रतिमावहिनींनी पदर तोंडाला लावला.

मग देविका बसली. ब्रेक नावाची वस्तू तिने जगात ठेवलीच नाही. जो आडवा आला त्याला ठोकला, घासला, ढकलला. गाडी रस्त्याबाहेर गेली, पुन्हा आत आली, आणि शेवटच्या कमानीखालून बाहेर पडली.

"किल्ली," ती म्हणाली.

दत्तोपंत हसले. इतके मनापासून ते कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

"पाहिलंत माधवराव? एक गाडी सोडली नाही हिने! असं कानपूर रोडवर केलं तर मुडदे पडतील. किल्ली मागते! मी आयुष्यभर गाडी चालवली, साधा ओरखडा नाही. माझ्या गाडीत बसलेला माणूस वेळेवर पोचला आणि धडधाकट पोचला."

"त्यात दत्तोपंतांचं खरं आहे हं," माधवराव पोहे चावत म्हणाले.

देविकाचा चेहरा पांढरा पडला. जिंकून हरली होती ती, आणि तेही सगळ्यांसमोर. दत्तोपंतांना ते बघून गार वाटलं. लपवायची गरजही त्यांना वाटली नाही. मग ती हळूच म्हणाली,

"बरोबर आहे, बाबा. तो फिर आप ही छोड़ दीजिए मुझे. रोज़ सुबह. असा सेफ ड्राइवर दुसरा कुठे मिळणार?"

"वा! प्रश्नच मिटला की!" माधवरावांनी बशी खाली ठेवून टाळी वाजवली.

दत्तोपंतांनी लीलावतीबाईंकडे पाहिलं. निदान हिने तरी काही बोलावं.

"डबा दोघांचा करीन," लीलावतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला परत यायला उशीर होईल."

आपल्याच बढाईने दत्तोपंतांना दाव्याला बांधलं होतं. आता नाही म्हणावं तर सगळ्या वसाहतीत नाचक्की.

सोमवारी सकाळी त्यांनी तेल, पाणी, हवा बघितली, काच पुसली, किल्ली सोडून घेतली आणि गाडी फाटकाबाहेर काढली. मनात त्यांनी तोड काढून ठेवली होती. हा हुकूम नव्हे; घरातलं माणूस, वाटेत सोडायचं, बस. शेजारच्या सीटवरचं फडकं उचलून त्यांनी जागाही केली. वाटेत तिला चार शब्द सुनावायचे हेही ठरलं होतं.

देविका इस्त्रीच्या साडीत आली. तिने मागचं दार उघडलं, आत बसली आणि दार धाडकन ओढून घेतलं.

दत्तोपंत थांबले. चुकून बसली असेल, उठेल, पुढे येईल. शेजारच्या फाटकात माधवराव दूध घेत उभे होते, बघत होते. आरशात देविका पर्समधून घड्याळ काढून मनगटावर बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"गोमती नगर," ती म्हणाली. "और ज़रा जल्दी."

खाली उतर, असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं. पण हात आपोआप गिअरवर गेला होता, पाय क्लचवर, आणि जन्मभराच्या सवयीने तोंडातून निघालं ते भलतंच.

"जी, मेमसाब."