पिवळ्या पट्ट्यातलं वावर

आमचं वावर यवतमाळच्या धावपट्टीला लागून आहे. तिथं विमान उतरलं तर उतरलं, पण ड्रोनच्या नकाशात आमची कपाशी पिवळ्या पट्ट्यात येते, आणि पिवळ्यात उडवायचं तर परवानगी लागते. उडवण्याआधी विमानतळाच्या कार्यालयाला फोन, उतरवल्यावर परत फोन. मी आणि धाकटा भाऊ दोघंही ड्रोन शिकलेले. लग्नाची शूटिंग तो करायचा, फवारणी मी. बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून त्यांना वावर एकदा वरून दाखवायचं त्याच्या मनात होतं. त्यानं अर्ज टाकला. उत्तर यायच्या आत वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकनं त्याला नेलं.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आईले पाहू, बहिणीले पाहू, सगळ्यांनी सगळं कबूल केलं. बहीण म्हणजे मी; मला रागच आला, माझं मी पाहायला समर्थ आहे. शेवटी बाबांनी हात जोडले. "वावरावर तुया ड्रोन फिरवू रे बाप्पा." कावळा उतरला.

मी लगेच माझ्या नावानं अर्ज केला. बाबा रोज विचारत, "आली का परवानगी?" आली, पण त्याच्या मोबाइलवर. त्याचं नाव, वेळ, उंची आणि खाली 'मंजूर'. मेलेल्याला आभाळ मिळालं, जितीला नाही.

"त्याची आली तं त्याच्यावर उडव," बाबा म्हणाले. "त्याच्याचसाठी तं उडवून राह्यलो आपण."

मन धजत नव्हतं, पण शब्द दिलेला होता. ठरल्या सकाळी बाबांना बांधावर खुर्चीत बसवलं, ड्रोन पेटीतून काढला आणि कार्यालयाला स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या साहेबांनी भावाचं नाव घेतलं.

"पायलट जवळ आहेत ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. समोरच्या बाभळीवर एक कावळा येऊन बसला होता.

बाबांनी मोबाइल माझ्या हातून घेतला. कोणी विचारलं की पोरगा कामावर गेला म्हणून सांगत होते ते आजवर.

"तो वारला साहेब," ते म्हणाले.

साहेब हळूच म्हणाले, "काका, मग ही परवानगी रद्द करावी लागेल. मुलीचाही अर्ज दिसतोय इथं, तिच्या नावाची येऊ द्या."

"करा," बाबा म्हणाले.

मी ड्रोन पेटीत ठेवला. बाबा बाभळीकडे पाहत होते. "थांब रे राजा जरासा. ताईच्या नावानं येऊ दे."

आम्ही निघालो तरी कावळा हलला नाही.

माझा अर्ज अजून पडून आहे. परवानगीचं बाबा आता विचारत नाहीत. मी वावरातून आले की एवढंच विचारतात, "बसला हाय का?"

मी हो म्हणते.