माधवचा पाद्री

वाचनमंडळात घडून घडून काय घडणार, असं मलाही वाटायचं. पण लॉकडाऊनमध्ये इथल्या डच राजधानीतल्या झुइडास भागातलं माझं ऑफिस बंद झालं, आम्ही मराठी मंडळी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एक कादंबरी मोठ्याने वाचू लागलो, आणि हबकून जावं असे किस्से साठत गेले.

कादंबरी पोर्तुगीज काळातल्या गोव्याची. नवा मास्तर मुलांना त्यांच्या भाषेत शिकवतो, वर सुतारकामही शिकवतो. गावचा पाद्री त्याच्याविरुद्ध दंड थोपटून उभा!

कापेल गावात राहणाऱ्या माधवचा आवाज दणदणीत, म्हणून पाद्रीचे संवाद त्याच्याकडे. गंमत म्हणजे पाद्रीला सर्वांत जास्त शिव्या तोच घालायचा. "असल्या लोकांनी पिढ्या नासवल्या!"

* * *

पहिल्याच रविवारी माधव असा गरजला की शेजारच्या डच आजी बेल वाजवून दारात हजर. माधवने समजावलं, "काही नाही, आमचा पाद्री बोलतोय."

आजींनी मान उंचावून आत पाहिलं. "पाहुणा एकच चालतो हं सध्या. किती वेळ थांबणार आहेत ते?"

* * *

एकदा मी म्हटलं, "बाई गं, असा माणूस खरंच असेल का?"

आमच्यातली नायमेखन शहरातली नीलिमा संशोधक आहे, एरवी कमी बोलते. ती म्हणाली, "आमच्या गावात पाद्री नव्हता. गुरुजी होते. माझे आजोबा वर्गाबाहेर बसून शिकले, पावसाळ्यातसुद्धा."

त्या दिवशी पुढचं पान कोणीच वाचलं नाही. मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

* * *

इथे बाराव्या वर्षीच ठरतं, मूल विद्यापीठाच्या वाटेने जाणार की हाताच्या कामाच्या. माधवच्या मुलीला, मुक्ताला, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पण लॉकडाऊनभर पाव भाजून भाजून पोरीने ठरवलं, बेकरीच शिकायची! आठवड्याभरात शाळेला कळवायचं होतं.

माधव आमच्यासमोर उसळला, "हातकामाला काय शिक्षण म्हणतात? पीठ मळायला आलो का आपण एवढ्या लांब?"

नीलिमाने शांतपणे विचारलं, "माधव, हे कितव्या पानावर आहे?"

"कादंबरी वेगळी, मुलगी वेगळी!" माधव म्हणाला. आम्ही गप्प बसलो, आणि ते मला अजून टोचतं.

* * *

पुढच्या रविवारी पाद्रीचं मोठं भाषण आलं. माधव रंगात आला. "हातकाम म्हणजे शिक्षण नव्हे! त्या मास्तराने पोरांची डोकी फिरवलीत! उद्यापासून हे सगळं बंद!"

त्याच्यामागचं दार उघडलं. मुक्ता. डोळे लाल.

"बाबा, प्लीज स्टॉप. मी टीचरला मेल केलाय. बेकरी नको म्हणून सांगितलंय."

माधवने घाईघाईने पुस्तक वर धरलं. "अगं राणी, हे मी नाही बोलत! हा पाद्री बोलतोय, बघ, पुस्तकातला!"

मुक्ताने पुस्तकाकडे पाहिलं, मग बापाकडे.

"बट बाबा, काल मला हेच म्हणालास तेव्हा तर तुझ्या हातात बुक नव्हतं."