उसनी बाटली

धानाच्या रोवणीच्या तोंडावर पवनीच्या डॉक्टरांनी माझ्या मायला लघवी तपासायला सांगितली, आणि आमच्या घरात नाटकाचा पडदा वर गेला. मायला बीपी, वय पासष्टच्या पुढे; छातीला धोका नाही ना, हे डॉक्टरांना बघायचं होतं. "छातीसाठी मूत कायले तपासतेत?" हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. खरी धास्ती वेगळी होती. रिपोर्ट वाईट आला तर मी तिला धानाच्या बांधीत उतरू देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी एका सकाळी तिने पदराखालून भरलेली बाटली काढली आणि प्रसाद द्यावा तशी माझ्या हातात ठेवली. आमच्या आसगावहून पवनीला निघालो. वाटेत एकाने पिशवीत डोकावून विचारलं, "सहद हाय का?" मी नाही म्हटलं नाही.

लघवीत प्रथिन निघालं. डॉक्टर म्हणाले, "बारीक रक्तवाहिन्या बिघडत असल्याची ही खूण असू शकते. या वयाच्या बायकांत मग हृदयाचाही धोका वाढतो. घाबरू नका, पण त्यांना घेऊन या. पुन्हा लघवी तपासू, ईसीजी काढू."

घरी मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. माय भांडेल अशी माझी तयारी होती. पण ती उठली. झाडलेलं अंगण परत झाडलं, भात चुलीवर तसाच टाकून शेजारी गेली, आली, परत गेली. शेजारची काकी मायच्याच वयाची, रोवणाऱ्या बायांची पुढारीण. जन्मात गोळी गिळली नसेल. दुपारभर कुडापलीकडून मायचा आवाज येत राहिला.

"वो बाई, चालताना दम लागते का तुले? पाय सुजतेत का? तू बस, पानी मी आनतो."

"काहून मांगं लागली वो?" काकी वैतागली. "मराले टेकलो का मी?"

माय कुडाशी आली. मला हाक मारली. "बापू, ते बाटली माही नोहोय. इची व्हय. म्हटलं, इचं आंग लोखंडाचं, रिपोट चांगला येईन."

"लोकं साखर मांगतेत, तिखट मांगतेत," काकी मला म्हणाली. "हे मूत मांगाले आली. मी देल्लो."

मला हसू आवरेना. काकीही हसली, आणि मधेच थांबली.

"मंग माह्या छातीत हाय का काई?"

"तपासल्याबिगर कसं सांगू, काकी?"

"अन् रोवना?"

"बांधी कोठी पळून नाई जात," असं माझी माय म्हणाली. होय, तीच. "उद्या चाल. मी येतो संग."

"चालतो. पन तुही बाटली बी भर. माह्यासमोर."

सकाळी काकी स्वतःची बाटली पिशवीत घालून आमच्या मोरीच्या दाराशी उभी होती. आतून माय म्हणत होती, "तू जाय ना वो तिकडं. तू उभी हायेस तं होतच नाई."

काकी हलली नाही.